शरदिनी बहनजींची प्रयोगशाळा

माझी आत्या शरदिनी आठल्ये. आमच्या भागात तिला सगळे 'फिजिक्सवाली बहनजी' म्हणायचे. काशीत रामघाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर होतं. खालच्या मजल्यावर माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, वेदपाठशाळा, मधल्या मजल्यावर आम्ही आणि सगळ्यात वरच्या खोलीत आत्या. पहाटे खालून संहितेचे स्वर वर यायचे तेव्हा आत्या तिच्या खोलीत बारावीच्या पुस्तकातली गणितं सोडवत बसलेली असायची. एकाचा दुसऱ्याला कधी त्रास झाला नाही. निदान ब्याण्णवच्या हिवाळ्यापर्यंत तरी नाही.

आत्यानं लग्न केलं नाही. साठच्या दशकात ती विद्यापीठात भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली, तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती. आजोबांचा विरोध होता. अण्णा तिचे मोठे भाऊ. त्यांनीच आजोबांची समजूत घातली आणि सुरुवातीचे बरेच महिने ते रोज तिला सोडायला लंका नावाच्या वस्तीत, विद्यापीठाच्या फाटकापर्यंत जायचे. धोतर-उपरण्यातला हा तरुण वैदिक चहाच्या दुकानाशेजारी पोथी वाचत बसायचा आणि बहीण आत प्रयोगशाळेत असायची. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते दुष्ट भाऊ आणि भली बहीण यांचं भांडण नव्हतं.

चौकाकडे जाणाऱ्या एका गल्लीत मुलींचं इंटर कॉलेज होतं. आमच्याकडे बारावीपर्यंतच्या शाळेला इंटर कॉलेज म्हणतात. आत्या तिथे नववी-दहावीला विज्ञान शिकवायची. दहावीनंतर मात्र तिथे मुलींसाठी गृहविज्ञान, संगीत, हिंदी एवढंच होतं. कुणाला फिजिक्स हवं असेल तर मुलांच्या कॉलेजात जावं लागे, आणि तिकडे पाठवणारी घरं बोटावर मोजण्याइतकी. आत्या वर्षानुवर्षं विज्ञान वर्गासाठी अर्ज करत होती. प्राचार्या सुनीती बहनजी तिच्या बाजूनं होत्या. पण शाळा चालवणाऱ्या समितीचे प्रबंधक विश्वेश्वरजी हसून विषय टाळायचे. शेवटी एक्क्याण्णवच्या जुलैत मान्यता आली. अकरावीत आम्ही नऊ मुली होतो. त्या नऊ जणींत मी एक.

प्रयोगशाळा म्हणजे गृहविज्ञानाचं जुनं स्वयंपाकघर. ओट्यावर भिंग आणि आरसे, मोरीजवळ उष्णतेचे प्रयोग, भिंतीला तेलाचे जुने डाग. काही सामान नवं आलं, काही आत्यानं मुलांच्या एका कॉलेजच्या अडगळीतून मागून आणलं. गॅल्व्हानोमीटरचा काटा अडकायचा, त्याला टिचकी मारावी लागे. पण आत्याचा एक नियम कडक होता. प्रयोग जोडीनं करायचा आणि दोनदा करायचा. पहिल्यांदा एकीनं यंत्र हाताळायचं, दुसरीनं आकडे लिहायचे. मग हात बदलून पुन्हा. "पाहून कळलं असं कुणी मला सांगू नका," ती म्हणायची. "हाताला कळलं का, ते सांगा."

वर्गात विंध्यवासिनी चौधरी नावाची मुलगी होती. घरी तिला बिंदा म्हणत, म्हणून आम्हीही बिंदाच म्हणायचो. उंच होती, जराशी वाकून चालायची, बोलायची कमी. अभ्यासात साधारण. मला ती नीट आठवते स्वरमापीच्या प्रयोगापासून. लाकडी पेटीवर तार ताणलेली असते आणि तारेवर कागदाचा बारीकसा घोडा ठेवतात. कंपन पावणारा नादकाटा पेटीला टेकवायचा आणि तारेची लांबी कमी-जास्त करत जायचं. नादकाट्याचा आणि तारेचा सूर जुळला की घोडा आपोआप उडून पडतो. बिंदाचा घोडा बराच वेळ हलेना. मग एकदम उडाला आणि ती इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या संगीताच्या वर्गातून बाई बघायला आल्या.

सप्टेंबरमध्ये आमच्या वर्गातल्या कस्तुरीचे आजोबा वारले. घरातले पुरुष मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर गेले. तिथे कस्तुरीच्या भावानं आमच्या शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी पाहिली. चितेची लाकडं रचणाऱ्या एका माणसाला ती डबा द्यायला आली होती. तो माणूस म्हणजे बिंदाचे वडील, मोहन चौधरी. घाटावर चितेचा अग्नी देणाऱ्या डोमांपैकी ते एक. चौधरी आडनाव आमच्याकडे अनेकांचं असतं, त्यामुळे तोवर कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं.

कस्तुरी सुतक संपवून शाळेत आली त्याच दिवशी सगळ्या वर्गाला कळलं. मधल्या सुट्टीत वर्गाच्या पाण्याच्या सुरईजवळ कुणी फिरकलं नाही. प्रयोगाच्या तासाला बिंदाची जोडीदारीण ओट्यापासून दूर जाऊन उभी राहिली. बिंदानं कॅलरीमीटर हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला आणि हात ओढणीत गुंडाळून घेतले.

मी आत्याला हळूच मराठीत म्हटलं, "आत्या, मी बसते तिच्याबरोबर."

"नको," ती म्हणाली. "तू बसलीस तर उद्या म्हणतील, बहनजींच्या घरची म्हणून बसली. मग बाकीच्या मोकळ्या सुटतील."

तिनं नऊ चिठ्ठ्या केल्या, एका डब्यात टाकल्या आणि सांगितलं, "आजपासून दर आठवड्याला जोड्या अशाच ठरतील. जिचं नाव उरेल ती माझ्याबरोबर प्रयोग करेल. ज्यांना मान्य नाही त्यांनी वर्गात बसून पुस्तक वाचावं. प्रयोगाचे गुण मात्र प्रयोग केल्याशिवाय मिळत नाहीत."

दोन दिवसांनी पालक आले. सुनीती बहनजींच्या ऑफिसात बैठक झाली. जाळीच्या खिडकीबाहेर आम्ही मुली दाटीवाटीनं उभ्या होतो, कुणी आम्हाला हाकललं नाही. बिंदा मात्र घरी गेली होती. पालक बोलून गेल्यावर विश्वेश्वरजी शांतपणे म्हणाले, "शरदिनीजी, तिला शाळेतून काढा असं कोण म्हणतंय? शिकू द्या ना. फक्त प्रयोगाच्या वेळी ती वही घेऊन बाजूला बसेल. बाकीच्या मुली यंत्र हाताळतील, आकडे सांगतील, ही लिहून घेईल. कुणाचं काय बिघडलं?"

आत्या उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट नेहमीपेक्षा खाली गेला.

"विद्यापीठात मला दोन वर्षं असंच बसवलं होतं," ती म्हणाली. "आमच्या गटात दोन मुलं होती. सर म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही लिहीत जा. कुणी वाईट वागलं नाही माझ्याशी. खुर्चीसुद्धा द्यायचे. एम.एस्सी. होऊन मी शाळेत लागले आणि पहिल्यांदा वर्गासमोर साधा विजेचा जोड लावायला गेले, तेव्हा माझे हात थरथरत होते. पदवी होती, पण हाताला काहीच येत नव्हतं. ती पदवी मला चोरल्यासारखी वाटायची. मी या मुलीला वही घेऊन बाजूला बसवणार नाही."

"ती तेवढी हुशार तरी आहे का?" एका पालकानं विचारलं.

"नाही. मध्यम आहे. वर्गातल्या निम्म्या मुली मध्यम आहेत. त्यांना कुणी विचारलं नाही, हुशार आहात का म्हणून."

सुनीती बहनजींनी आत्याकडे पाहिलं, मग विश्वेश्वरजींकडे, आणि म्हणाल्या, "वर्ग शरदिनीजींचा आहे. त्या म्हणतील तसं होईल." त्यांना हे सोपं नव्हतं; त्यांची नेमणूक समितीच्या हातात होती.

तीन मुलींनी विषय सोडला. त्यांत कस्तुरी होती. ती जाताना रडली, कारण तिला फिजिक्स आवडायचं आणि घरच्यांपुढे तिचं काही चालत नव्हतं. आम्ही सहा जणी राहिलो. समितीनं सांगितलं की पुढच्या वर्षी अकरावीला पुरेशा मुली आल्या नाहीत तर विज्ञान वर्ग बंद.

त्यात ब्याण्णव साली राज्यात परीक्षेतल्या कॉपीविरुद्ध कायदा आला, बोर्डाचा निकाल धाडकन खाली घसरला, आणि विज्ञानाचं नाव काढलं की मुली घाबरू लागल्या. त्या उन्हाळ्यात आत्या मला बरोबर घेऊन घरोघर हिंडली. जिथून शाळेला आजवर कुणी बोलावायला गेलं नव्हतं अशी घरं तिनं मुद्दाम निवडली. मुन्शी घाटाच्या मल्लाहांकडे गेलो. नाव उलटी घालून तिच्या फटी बुजवत बसलेल्या एका नावाड्याची मुलगी इंदू दहावी पास झाली होती. बाप म्हणाला, "बहनजी, फिजिक्स शिकून होतं काय?"

"नोकरी मिळेलच असं मी सांगत नाही," आत्या म्हणाली. "पण तिला शिकायचंय असं ती म्हणाली. मी शिकवते. म्हणून आले."

त्यानं डांबराचा हात पुसत मुलीकडे पाहिलं. "म्हणालीस?" इंदूनं मान हलवली. "मग जा," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या दोन मुली आल्या, एक शिपायाची आली, एक आमच्याच ब्रह्माघाटाकडच्या पुरोहितांची आली. वर्ग वाचला.

आमची बारावी सुरू झाली. बिंदा आता बोलायला लागली होती. चिठ्ठीत माझं नाव तिच्याबरोबर यायला दिवाळी उजाडली. मीटर ब्रिजवर आम्ही तारेचा विद्युतरोध काढला. तिचा आकडा पुस्तकाच्या जवळ आला, माझा नाही. आत्यानं दोघींनाही प्रयोग पुन्हा करायला लावला.

डिसेंबरमध्ये अयोध्येतल्या घटनेनंतर शहरात कर्फ्यू लागला. शाळा बंद झाली. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती, आणि सहा जणींतल्या निम्म्या जणींचे शेवटचे प्रयोग राहिले होते. कर्फ्यूत ढील मिळाली तशी आत्या शाळेत गेली आणि स्वरमापी, मीटर ब्रिज, भिंगांची पेटी असं सामान मजुराच्या डोक्यावर देऊन घरी आणलं. वरच्या खोलीत तिनं प्रयोगशाळा मांडली. ज्यांना येता येईल त्यांनी यावं असा निरोप धाडला. बिंदा नावेनं आली. गल्ल्यांत पोलीस होते, म्हणून तिच्या वडिलांनी मणिकर्णिकेवरून ओळखीच्या नावाड्याबरोबर तिला रामघाटावर पाठवलं.

ती आमच्या जिन्यानं वर गेली, तेव्हा खाली अण्णांचे विद्यार्थी पाठ म्हणत होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अण्णा वर आले. बिंदा नुकतीच गेली होती. मी तारा गुंडाळत होते, मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही.

"शरू," अण्णा म्हणाले, "ती मुलगी कोण ते मला कळलं."

"मीच सांगणार होते, दादा."

"तुझ्या शिकवण्याला मी कधी आड आलो?"

"कधीच नाही."

"शाळेत तू काय करतेस ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण खाली लोकांची मुलं वेद शिकतायत. त्यांच्या वडिलांनी ती माझ्या ओटीत घातलीत, माझ्या घरचा आचार बघून. उद्या ते विचारतील. मी काय सांगू?"

"सांग, बहीण वरच्या खोलीत शिकवते."

अण्णांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; राग असता तर आत्याला बरं वाटलं असतं, असं ती पुढे एकदा मला म्हणाली. "मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "मी तेवढा मोठा नाही, शरू. हे घर माझ्या एकट्याचं असतं तर गोष्ट वेगळी."

"मग मी दुसरीकडे जागा बघते," आत्या म्हणाली.

"मी तुला जा म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंस. पण तिला येऊ नको असं मी सांगू शकत नाही. तुझी जशी अडचण आहे, तशीच माझी."

आई रडली, तिनं दोघांनाही विनवलं. पण पुढच्याच आठवड्यात आत्या संकठा घाटावर, देवीच्या देवळामागे, दोन खोल्यांत राहायला गेली. अण्णांनी स्वतः तिची पुस्तकांची ट्रंक खाली उतरवून दिली. त्यानंतर ती आमच्या घरी पंगतीला कधी बसली नाही. मी तिच्याकडे रोज जायचे. संध्याकाळी जेवताना अण्णा आईला विचारायचे, "तिच्याकडे रॉकेल आहे ना?" तिचं नाव घ्यायचे नाहीत.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरच्या जिल्ह्यातून परीक्षक आले होते. पन्नाशीचे, घाईत असलेले. आम्ही ओट्याशी आपापला प्रयोग मांडून उभ्या. बिंदाला पाण्याच्या उष्णतेचा प्रयोग आला होता. परीक्षक एकेकीला तोंडी प्रश्न विचारत पुढे सरकत होते. बिंदापाशी आले, नाव विचारलं, मग म्हणाले, "वडील काय करतात?"

बिंदा म्हणाली, "मणिकर्णिकेवर चिता लावतात."

परीक्षकांनी कॅलरीमीटरकडे नेलेला हात मागे घेतला. "ठीक आहे, झालं," असं म्हणून ते पुढच्या मुलीकडे वळले.

परीक्षा संपल्यावर गुणांचा कागद आत्यापुढे सहीला आला. अंतर्गत परीक्षक म्हणून तिची सही लागायची. तिनं कागद वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"विंध्यवासिनीला तोंडीचे दोन गुण दिलेत आपण," ती म्हणाली. "तिला भौतिकीचा प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही."

"प्रश्न विचारायची गरज वाटली नाही."

"मग गुण कशाचे?"

"बहनजी, माझी गाडी आहे."

"मुली थांबल्यात. मीही थांबते. आपण तिला विचारा. शून्य आलं तर शून्य द्या, मी सही करते. न विचारता मी सही करणार नाही."

आम्ही सहाही जणी दाराशी उभ्या होतो. परीक्षक काही तरी पुटपुटले, मग बिंदाला पुन्हा बोलावलं. कॅलरीमीटर तांब्याचा का असतो, असं विचारलं. तिनं सांगितलं की तांबं लवकर तापतं, म्हणून पाणी आणि भांडं लगेच एकाच तापमानाला येतात. मग त्यांनी बाष्पाच्या सुप्त उष्णतेचं काही विचारलं. तिथे ती अडखळली, चुकलं. तिसऱ्या प्रश्नाला अर्धवट उत्तर दिलं. परीक्षकांनी जुना आकडा खोडून नवा लिहिला. फार मोठा आकडा नव्हता. आत्यानं सही केली.

बाहेर आल्यावर बिंदा म्हणाली, "बहनजी, सुप्त उष्णता चुकली. काल रात्री वाचली होती."

"चुकली तर चुकली," आत्या म्हणाली. "तुला विचारलं ना? तुझी चूक तुझी आहे. आता घरी जाऊन पुन्हा वाच."

बिंदा द्वितीय श्रेणीत पास झाली आणि एका डिग्री कॉलेजात बी.एस्सी.ला गेली. मी गणित घेतलं. पुढची दोन वर्षं आत्याकडे संकठा घाटावर दर रविवारी मुली जमायच्या, इंदू, मदनपुऱ्याच्या दोघी, त्यांच्या मागून आलेल्या. पुष्कळ जणी मध्येच गळाल्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला घरच्या करघ्यावर, मागावर, बसवलं. आत्या त्यांच्या घरी जायची, बोलायची, कधी त्या परत यायच्या, बहुतेक वेळा नाही. अशा दिवशी ती संध्याकाळी घाटावर बसून राहायची.

पंच्याण्णवच्या दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा काशीच्या थोडा दक्षिणेकडून जाणार होता. आमच्याकडे सूर्याची अगदी बारीक कोर उरणार होती. घाटांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. महाराष्ट्रात ग्रहणाला 'दे दान, सुटे गिऱ्हाण' अशी हाक देत फिरतात असं आमचे पुण्याचे नातेवाईक सांगतात. काशीत ग्रहणाचं दान डोमांना देतात, आणि त्यांच्या बायका झोळ्या घेऊन घाटांवर येतात.

आत्यानं संकठा घाटाच्या वरच्या पायरीवर एका पुठ्ठ्याला सुईनं भोक पाडून तो काठीला बांधला होता. त्यातून सूर्याचं चित्र खाली पांढऱ्या कागदावर पडत होतं. वर बघायचं नाही, कागदावर बघायचं, असं ती सगळ्यांना बजावत होती. बिंदा तिच्या गल्लीतली पोरं घेऊन आली होती. कागद धरून ती त्यांना समजावत होती की चंद्र मध्ये आला, म्हणून सूर्य खाल्ल्यासारखा दिसतो. एका यात्रेकरू बाईनं बिंदाबरोबरच्या पोरांकडे पाहिलं, ती डोमांची आहेत हे ओळखलं आणि मूठभर धान्य बिंदाच्या पायाशी टाकलं. बिंदाचा चेहरा काळवंडला. तेवढ्यात तिची आई झोळी घेऊन तिथून जात होती. ती वाकली आणि धान्य वेचून घेतलं.

"अम्मा, राहू दे ना ते," बिंदा म्हणाली.

"तू तुझं दाखव," आई म्हणाली. "मला घर चालवायचंय." मग कागदाकडे बघून तिनं विचारलं, "हे काय, सूर्य?"

"हो."

आई झोळी खांद्यावर घेऊन काही वेळ ती कोर बघत राहिली आणि पुढच्या घाटाकडे निघून गेली.

खाली नदीत कमरेएवढ्या पाण्यात अण्णा जप करत उभे होते. ग्रहणात ते नेहमी रामघाटावर उभे राहायचे. त्या दिवशी इकडे का आले होते, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते ओल्या वस्त्रानं पायऱ्या चढून आले आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर थांबले. गेल्या जवळजवळ तीन वर्षांत दोघं एकमेकांशी थेट बोलले नव्हते.

"शरू, ग्रहणाचा स्पर्श पंचांगाप्रमाणे झाला का?" अण्णांनी विचारलं.

"झाला, दादा. मोक्ष व्हायचाय अजून, सुटायला वेळ आहे."

ते उभ्या जागेवरून कागदाकडे बघत होते. आत्या बिंदाला हळूच काही म्हणाली. बिंदानं कागद उचलून त्यांना दिसेल असा तिरपा धरला. कोर लांबट झाली, पण दिसली. अण्णांनी ती नीट पाहिली. "दिसतं," एवढंच म्हणाले आणि मोक्षाच्या स्नानाला परत खाली गेले.

त्यानंतर ते अधूनमधून संकठा घाटावर जायला लागले. आत्याच्या खोलीच्या दारात, उंबऱ्याबाहेर बसायचे. तिच्याकडचं पाणी कधी प्यायले नाहीत. आत्याही त्यांना आत ये म्हणायची नाही. दोघं तब्येतीबद्दल, आजोबांबद्दल, नदीच्या पाण्याबद्दल बोलायचे.

बिंदाला एम.एस्सी. करता आलं नाही. वडिलांची छाती धुरानं खराब झाली होती, घरात मिळवणारं कुणी हवं होतं. बी.एड. करून ती मुगलसरायच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली. नोकरी लागल्यावर ती आत्याला भेटायला आली आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "बहनजी, तिथे मी नाव नुसतं विंध्यवासिनी देवी लिहिलंय. घर बनारसला आहे, एवढंच सांगितलंय."

आत्या हातातली सुपारी कातरायची थांबली. परीक्षकापुढे सरळ उत्तर देणारी मुलगी तिला आठवली असणार. पण ती म्हणाली, "तुला जे झेपेल ते कर. रोज कुणी लढू शकत नाही."

आत्या अठ्ठ्याण्णवला निवृत्त झाली. विज्ञान वर्ग चालू राहिला. नव्या बाईंनी चिठ्ठ्यांचा डबा बंद केला, त्यात वेळ जातो म्हणून. आत्याला वाईट वाटलं, ती सुनीती बहनजींशी बोललीही. पण प्रत्येक मुलीनं स्वतः प्रयोग करायचा हे तेवढं टिकलं.

नव्याण्णवच्या थंडीत बिंदानं आम्हाला तिची शाळा बघायला बोलावलं. आत्याची दृष्टी अधू झाली होती, म्हणून मी बरोबर गेले. बिंदा नववीच्या वर्गाला लंबक शिकवत होती. आत्या मागच्या बाकावर बसली. मुली एकेक करून पुढे येत होत्या, दोरी धरत होत्या, सोडत होत्या. एक बारकीशी मुलगी मागेच रेंगाळत होती. बिंदानं तिला नावानं हाक मारली आणि दोरी तिच्या हातात दिली.

तास संपल्यावर बिंदा आमच्याकडे आली. "कसं झालं, बहनजी?"

"झोका फार मोठा घेत होत्या मुली. लहान घ्यायला सांग, नाहीतर आकडा चुकतो," आत्या म्हणाली. "बाकी चांगलं."

बिंदा हसली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, या कोण?"

"माझ्या बहनजी," बिंदा म्हणाली. "यांनी मला शिकवलं."

शाळेची प्रयोगशाळा बघून परतताना गाडी पुलावर आली तेव्हा मी आत्याला विचारलं, "तिथे तिनं सांगितलं असेल का गं, ती कुठली ते?"

"मी विचारलं नाही," आत्या म्हणाली. "ते तिचं तिनं ठरवायचं." खिडकीतून गार वारा येत होता. तिनं शाल डोक्यावरून ओढून घेतली. मग म्हणाली, "तिच्या शाळेत गॅल्व्हानोमीटर एकच आहे, पाहिलास? एका वर्गाला एक कसा पुरेल? दुसरा कुठून मिळतो ते उद्या बघायला हवं."